युनिटमध्ये मृत्यू, कागदावर आत्महत्या: जवानाच्या घरच्यांनी खाजगी फिर्याद कधी आणि कशी करावी

ताई, इतर वाचणाऱ्यांसाठी तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. तुमचा धाकटा भाऊ सैन्यात शिपाई होता, पोस्टिंग उत्तर प्रदेशातल्या एका छावणीत. गेल्या वर्षी तो बॅरेकच्या मागच्या खोलीत गळफास लागलेल्या अवस्थेत सापडला. तिथल्या पोलिसांनी आत्महत्या म्हणून कागद बंद केले, लष्कराच्या अंतर्गत चौकशीनेही, म्हणजे कोर्ट ऑफ इन्क्वायरीनेही, तेच म्हटलं. पण आधीचा आठवडाभर तो फोनवर सांगत होता की युनिटमधले दोन वरिष्ठ त्याला मारतात. साताऱ्यातल्या ठाण्याने ‘आमची हद्द नाही’ म्हणून तुम्हाला परत पाठवलं. आता थेट कोर्टात खाजगी फिर्याद करता येईल का, त्याला दिल्लीची परवानगी लागेल का, आणि आईची पेन्शन बंद होईल का, हे तुम्ही विचारलं आहे.

फिर्याद करता येते. फिर्याद करणारे तुम्ही कोण, हा प्रश्न सहसा येत नाही. बॅरिस्टर अंतुल्यांवर रामदास नायकांनी केलेली खाजगी फिर्याद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली, तेव्हा १९८४ साली न्यायालयाने सांगून टाकलं की कायद्याने स्पष्ट मनाई केली नसेल तर फौजदारी कायद्याचं चाक कोणीही फिरवू शकतं. तरी माझा आग्रह आहे की फिर्यादीत तुमच्या बरोबरीने आईंचं नाव असावं. भावाचं लग्न झालेलं असेल तर वहिनींचंही. कायद्यातल्या ‘पीडित’ या व्याख्येत वारस बसतात. पुढे आरोपी सुटले तर अपील करायचा हक्क पीडिताला असतो, आणि त्या वेळी बहिणीच्या हक्कावर वाद काढायला समोरच्या वकिलाला जागा राहू नये.

मात्र खाजगी फिर्याद हे तुमचं पहिलं पाऊल नसावं. या एका मुद्द्यावर बरीच चांगली प्रकरणं वाया गेलेली मी पाहिली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दंडाधिकाऱ्यासमोर जायला दोन दारं आहेत. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत, म्हणजे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या कायद्यात, एक कलम १७५(३) चं. तिथे तुम्ही म्हणता, पोलीस गुन्हा नोंदवत नाहीत, त्यांना नोंदवून तपास करायला लावा. जुने वकील अजून ‘१५६(३)’ म्हणतात ते हेच. दुसरं दार कलम २२३ चं, म्हणजे खरी खाजगी फिर्याद. तिथे तुम्ही म्हणता, पुरावा माझ्याकडे आहे, माझा आणि माझ्या साक्षीदारांचा जबाब शपथेवर घ्या आणि आरोपींना बोलवा. खून असो, सदोष मनुष्यवध असो की आत्महत्येला प्रवृत्त करणं असो, हे सगळे गुन्हे सत्र न्यायालयात चालणारे. अशा गुन्ह्याची खाजगी फिर्याद आली की दंडाधिकाऱ्याला ती कलम २२५ खाली पोलिसांकडे तपासाला पाठवता येत नाही. चौकशी त्याने स्वतः करायची आणि फिर्यादीने आपले सगळे साक्षीदार उभे करायचे. तुमचे साक्षीदार कोण? त्या बॅरेकमध्ये झोपणारे जवान. ते तुमच्या सांगण्यावरून कोर्टात येणार नाहीत, आणि युनिट हलली की कुठे गेले हेही कळणार नाही. पुरावा समोरच्याच्या ताब्यात असेल तर आधी १७५(३). तो अर्ज फेटाळला गेला किंवा पोलिसांनी तपास करून पुन्हा आत्महत्याच लिहिली, तर मग २२३. आधी खाजगी फिर्याद केली आणि ती पुराव्याअभावी कलम २२६ खाली फेटाळली गेली, तर त्याच गोष्टीवर दुसरी फिर्याद फक्त अपवादात्मक परिस्थितीत ऐकतात.

१७५(३) वर रोज ज्या निकालाचा दाखला दिला जातो, तो साकिरी वासू विरुद्ध उत्तर प्रदेश सरकार हा २००७ चा निकाल एका लष्करी अधिकाऱ्याच्या वडिलांच्या अर्जावरचा आहे. मुलगा मेजर होता. ऑगस्ट २००३ मध्ये त्याचा मृतदेह मथुरा रेल्वे स्थानकात सापडला. रेल्वे पोलिसांनी अपघात किंवा आत्महत्या म्हटलं, लष्कराने दोनदा कोर्ट ऑफ इन्क्वायरी घेतली आणि दोन्ही वेळा निष्कर्ष आत्महत्येचाच आला. वडिलांचं म्हणणं होतं की युनिटमधला भ्रष्टाचार मुलाला कळला होता, म्हणून त्याचा खून झाला. त्यांनी सीबीआय तपास मागितला. न्यायालयाने तो दिला नाही. पण दंडाधिकाऱ्याचा अधिकार नुसता ‘गुन्हा नोंदवा’ म्हणण्यापुरता नसून तपास नीट होतो आहे की नाही यावर लक्ष ठेवण्याइतका मोठा आहे, असं सांगून त्या वाटेने जायला सांगितलं. तुमची हकीकत या प्रकरणाशी इतकी मिळतीजुळती आहे की अर्जात हा निकाल पहिल्या पानावर घ्यावा. उच्च न्यायालयात थेट सीबीआयची मागणी घेऊन गेलात, तर बहुतेक वेळा हाच निकाल दाखवून तुम्हाला परत पाठवतील.

१७५(३) च्या अर्जाआधी दोन पायऱ्या चढलेल्या दिसल्या पाहिजेत: ठाण्यात लेखी तक्रार, आणि तिथे दाद लागली नाही म्हणून कलम १७३(४) प्रमाणे पोलीस अधीक्षकांकडे अर्ज. सोबत प्रतिज्ञापत्र लागतं. प्रियांका श्रीवास्तव प्रकरणात २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने ही अट घातली, आता ती संहितेतच आहे. साताऱ्याच्या ठाण्याने हद्दीचं कारण सांगितलं ते चूक आहे. गुन्हा कुठेही घडलेला असो, दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही ठाण्याने घ्यायची आणि शून्य क्रमांकाने नोंदवून संबंधित ठाण्याकडे पाठवायची, हे कलम १७३ मध्ये लिहिलेलं आहे. तरी सातारच्या अधीक्षकांना आणि तिकडच्या जिल्ह्याच्या अधीक्षकांना, दोघांनाही स्पीड पोस्टाने अर्ज करा, पावत्या जपा. दंडाधिकारी मात्र तिकडचाच, कारण घटना तिथली. छावणीच्या आत घडलं म्हणून मुलकी पोलिसांचा संबंध नाही, असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. अनैसर्गिक मृत्यूची खबर पोलिसांना द्यावीच लागते आणि पंचनामा त्यांनीच करायचा असतो.

आता पुराव्याकडे येतो. खाजगी फिर्याद दाखल होण्याआधीच बरीचशी जिंकलेली किंवा हरलेली असते. नव्या संहितेने यात एक मोठा बदल केला आहे. पूर्वी दंडाधिकारी फिर्यादीचा जबाब घेऊन समन्स काढेपर्यंत आरोपीला बोलायची संधी नव्हती. आता कलम २२३ प्रमाणे दखल घेण्याआधीच आरोपीला म्हणणं मांडू द्यावं लागतं. म्हणजे तुमची फिर्याद वाचून समोरच्यांना तयारीला वेळ मिळतो. जे कागद मिळवायचे ते त्याआधी मिळवा.

सगळ्यात आधी शवविच्छेदनाचा अहवाल आणि पंचनामा. तिकडे त्याला पंचायतनामा म्हणतात, अर्जात तोच शब्द घाला म्हणजे कारकून घोळ घालणार नाही. अहवाल हातात आला की मृत्यूच्या कारणाची शेवटची ओळ वाचून फाइल मिटू नका. गळ्यावरच्या वळाचं वर्णन शब्द न् शब्द वाचा. गळफासात वळ साधारणपणे हनुवटीखाली उंचावर, तिरका वर चढत गेलेला असतो आणि गाठीच्या बाजूला तुटतो. दोरीने आवळलेलं असेल तर तो बहुधा खाली, आडवा आणि गळ्याभोवती पूर्ण फिरलेला दिसतो. मग बाह्य जखमांचा रकाना पाहा. पाठीवर, मांडीच्या मागच्या बाजूला, पोटऱ्यांवर जखमा आहेत का, त्यांचा रंग काय लिहिला आहे? लालसर म्हणजे ताज्या, हिरवट-पिवळ्या म्हणजे काही दिवसांपूर्वीच्या. तुमच्या भावाने फोनवर जे सांगितलं, त्याच्याशी या रंगाची तारीख जुळली, तर ‘मारहाण झाली’ हे नुसतं घरच्यांचं म्हणणं राहत नाही. एखाद्या वैद्यकीय महाविद्यालयातून निवृत्त झालेल्या न्यायवैद्यक प्राध्यापकांना अहवाल आणि फोटो दाखवून लेखी मत घ्या. त्या एका कागदाने दंडाधिकाऱ्याचा पाहण्याचा रोख बदलतो.

फोनचं म्हणाल तर त्याच्याशी बोललेल्या प्रत्येकाने आपला मूळ हँडसेट जपायचा. विकायचा नाही, रीसेट करायचा नाही. स्क्रीनशॉट पुरत नाही, साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. कॉल डिटेल्स कंपन्या कायम ठेवत नाहीत, तेव्हा ते राखून ठेवण्याचा आदेश पहिल्याच अर्जात मागा. आणि तो जे बोलला ते ‘ऐकीव’ म्हणून उडवून लावता येत नाही. पुण्यातल्या शरद बिर्धीचंद सारडा प्रकरणात १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने मांडलेलं सूत्र असं की मृत व्यक्तीने मृत्यूपर्यंत नेणाऱ्या परिस्थितीबद्दल आप्तांना लिहिलेलं-बोललेलं पुराव्यात घेता येतं, मग तो मृत्यू खून असो वा आत्महत्या. फक्त ते बोलणं मृत्यूच्या जवळच्या काळातलं हवं. आठवडाभर आधीचे फोन त्यात बसतात.

युनिटकडच्या कागदांची नावं अर्जात नेमकी लिहा: त्या रात्रीचा गार्ड ड्यूटी रोस्टर, रोल कॉलची नोंद, एमआय रूमचं, म्हणजे युनिटच्या दवाखान्याचं, रजिस्टर (आधीच्या आठवड्यात तो कधी दुखणं घेऊन गेला होता का), रजेचे अर्ज आणि कोर्ट ऑफ इन्क्वायरीची पूर्ण कार्यवाही. मृत्यू बंदुकीच्या गोळीने झालेला असेल तर कोतचं (शस्त्रागाराचं) हत्यारवाटप रजिस्टर सर्वांत महत्त्वाचं. माहिती अधिकारात अर्ज करा. नकार आला तर प्रथम अपील, मग केंद्रीय माहिती आयोग. समांतर, कोर्टाकडून कलम ९४ खाली हजर करण्याचा आदेश मागा. घरी आलेल्या सामानाची यादी आणि प्रत्यक्ष वस्तू ताडून पाहा. यादीत डायरी आणि ट्रंकेत डायरी नाही, तर तेही लेखी नोंदवा.

कोर्ट ऑफ इन्क्वायरीला घाबरू नका. तो खटला नाही, लष्कराची अंतर्गत चौकशी आहे. लष्कर नियम १९५४ प्रमाणे तिथले जबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाहीत, आणि तिचा निष्कर्ष कोणत्याही फौजदारी न्यायालयाला बांधत नाही. त्या जबाबांचा उपयोग तुम्हाला एवढाच, की कोण कुठे होता आणि कोणाला बोलवायचं, हे कळतं.

परवानगीचं आता. कलम २१८, म्हणजे जुनं १९७, असं म्हणतं की सैन्यदलातल्या माणसाने कर्तव्य बजावताना किंवा बजावत असल्याच्या भूमिकेत केलेल्या कृत्याची दखल केंद्र सरकारच्या पूर्वपरवानगीशिवाय घेता येत नाही. सगळा खेळ ‘कर्तव्य’ या शब्दावर आहे. कृत्य आणि कर्तव्य यांचा वाजवी संबंध हवा, हे १९५५ च्या माताजोग दोबे निकालापासून चालत आलं आहे. कनिष्ठाला बॅरेकमध्ये पट्ट्याने मारणं हे कोणाच्याही कर्तव्यात बसत नाही. त्यामुळे तुमच्या प्रकरणात परवानगी लागू नये असं माझं मत आहे. पण फिर्यादीचा मसुदा तसाच हवा. ‘ड्यूटीवर असताना, शिस्तीच्या नावाखाली त्यांनी मारलं’ असं एक वाक्य भावनेच्या भरात लिहिलं, की समोरचा वकील तेच धरून बसतो. शिवाय २२३(२) प्रमाणे कर्तव्याच्या ओघातला आरोप असेल तर वरिष्ठ अधिकाऱ्याचा अहवाल मागवावा लागतो, आणि तुमच्या बाबतीत तो वरिष्ठ त्याच युनिटचा. नव्या कलम २१८ मध्ये परवानगीवर १२० दिवसांत निर्णय झाला नाही तर ती मिळाली असं धरायची तरतूद आली आहे. पण ती पोटकलम (१) ला जोडलेली आहे आणि सैन्यदलांचा उल्लेख (२) मध्ये येतो. तिच्यावर विसंबून राहू नका.

परवानगीपेक्षा मोठी अडचण पुढची आहे, आणि ती घरच्यांना कोणी सांगत नाही. लष्कर अधिनियम १९५० चं कलम ७० म्हणतं की नागरिकाचा खून, सदोष मनुष्यवध किंवा बलात्कार यांचा खटला कोर्ट मार्शलसमोर चालत नाही, आरोपी प्रत्यक्ष सेवेवर, देशाबाहेर किंवा ठरावीक सीमा चौकीवर असेल तेवढे अपवाद सोडून. हे संरक्षण मृत व्यक्ती लष्करी कायद्याखाली नसेल तेव्हाचं. तुमचा भाऊ जवान होता. त्यामुळे त्याच्या खुनाचा खटला फौजदारी कोर्टातही चालू शकतो आणि कोर्ट मार्शलसमोरही. कुठे चालवायचा हे ठरवायचा पहिला अधिकार कलम १२५ प्रमाणे आरोपी ज्या फॉर्मेशनमध्ये, म्हणजे मोठ्या लष्करी तुकडीत, आहे तिथल्या लष्करी अधिकाऱ्याचा. फौजदारी कोर्ट आणि कोर्ट मार्शल यांच्यातली हद्द ठरवणाऱ्या १९७८ च्या नियमांप्रमाणे दंडाधिकाऱ्याने कमांडिंग ऑफिसरला नोटीस देऊन १५ दिवस थांबायचं असतं. त्यांनी कोर्ट मार्शल निवडलं तर तुमची फिर्याद तिथे थांबते. तुमच्या वकिलांनी तेव्हा गप्प बसायचं नाही. त्याच नियमांखाली पुढे काय केलं हे लष्कराने दंडाधिकाऱ्याला कळवावं लागतं. काहीच परिणामकारक कारवाई झाली नसेल तर दंडाधिकारी ते राज्य सरकारला कळवतो आणि राज्य सरकार केंद्राशी विचारविनिमय करून पावलं उचलतं. दर तारखेला या अहवालाची लेखी मागणी करत राहा. कोणी मागितला नाही तर तो येत नाही.

लष्कराच्या हाती गेलेल्या प्रकरणांचं काय होतं, याचे दाखले डोळ्यांसमोर असू द्या. २५ मार्च २००० रोजी अनंतनाग जिल्ह्यातल्या पथरीबलमध्ये पाच जण मारले गेले. सीबीआयने तपास करून लष्करी अधिकाऱ्यांवर आरोपपत्र दिलं. १ मे २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सैन्यदल विशेषाधिकार कायदा (अफ्स्पा) लागू असलेल्या भागात परवानगीशिवाय दखल घेता येणार नाही, आणि लष्कराला कोर्ट मार्शल की फौजदारी कोर्ट हे निवडायला आठ आठवडे दिले. लष्कराने स्वतःकडे घेतलं आणि जानेवारी २०१४ मध्ये पुराव्याअभावी प्रकरण बंद केलं. काश्मीरमधल्या माछिलच्या २०१० च्या आणि अमशिपोराच्या २०२० च्या बनावट चकमकींत कोर्ट मार्शलने जन्मठेप दिली, पण सैन्यदल न्यायाधिकरणाने त्या शिक्षा स्थगित केल्या. नागालँडमधल्या ओटिंगला डिसेंबर २०२१ मध्ये खाणीतून घरी निघालेल्या मजुरांवर गोळीबार झाला. राज्याच्या विशेष पथकाने ३० जणांवर आरोपपत्र दिलं, केंद्राने परवानगी नाकारली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कार्यवाही बंद केली. परवानगी मिळाली तर ती पुन्हा सुरू होऊ शकेल, एवढी फट ठेवून. मेलेल्यांच्या घरच्यांना यातलं बरंचसं वर्तमानपत्रांतून कळलं. मला हे अन्यायाचं वाटतं आणि मी ते कोर्टातही म्हटलेलं आहे. पूर्ण अंधार आहे असं मात्र नाही. मणिपूरमधल्या कथित बनावट चकमकींतल्या १५२८ मृत्यूंच्या याचिकेवर ८ जुलै २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती मदन लोकूर आणि उदय लळीत यांच्या खंडपीठाने स्पष्ट सांगितलं की सैनिकाने गुन्हा केला तर फौजदारी खटल्यापासून त्याला सरसकट अभय नाही. ही वाक्यं तुमच्या उपयोगाची आहेत.

दंडाधिकाऱ्यासमोरच्या जबाबाची तयारी आईंकडून करून घ्या. कोर्ट लहान असतं, गर्दी असते, साहेब एकीकडे ऐकतात आणि दुसरीकडे लघुलेखकाला सांगतात. आई मराठीत बोलणार, तिकडचं कोर्ट हिंदीत. दुभाष्याची मागणी आधीच लेखी द्या. ‘त्याला छळून मारलं’ एवढंच त्या म्हणाल्या तर जबाबात काहीच उतरत नाही. कोणत्या वारी, किती वाजता फोन आला, त्याने कोणाचं नाव घेतलं, तो कसा बोलत होता, मागे काय आवाज येत होता, हे त्यांना आठवेल तसंच सांगू द्या. शिकवलेली साक्ष लगेच कळते.

सत्र न्यायालयात गेल्यावर तुमची फिर्याद तुमची राहत नाही. इंग्लंडमध्ये खाजगी फिर्यादी शेवटपर्यंत स्वतः खटला चालवू शकतो, सरकारी अभियोग संचालकाने तो हातात घेतला नाही तोवर. आपल्याकडे सत्र न्यायालयात खटला सरकारी वकीलच चालवतो. तुमचा वकील त्याला मदत करतो आणि पुरावा संपल्यावर कोर्टाच्या परवानगीने लेखी युक्तिवाद देतो. उलटतपासणी हक्काने घेता येत नाही, हे २०१९ च्या रेखा मुरारका निकालात ठरलं. मात्र लखीमपूर खेरी प्रकरणात २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने पीडिताला प्रत्येक टप्प्यावर ऐकलं जाण्याचा हक्क आहे असं म्हटलं. जामीन अर्जांच्या वेळी त्याचा उपयोग करा. सरकारी वकिलाशी पहिल्या दिवसापासून सलोख्याने वागा, फाइल तुम्हीच नीट लावून त्याच्या हातात द्या.

पेन्शनची भीती मनातून काढून टाका. फिर्याद केली म्हणून कुटुंब निवृत्तिवेतन थांबवता येत नाही, आणि साधं कुटुंब निवृत्तिवेतन आत्महत्या ठरली तरी मिळतं. मृत्यू सेवेमुळे झाला असं ठरलं तर विशेष निवृत्तिवेतनाचा हक्क येतो. तो वाद सैन्यदल न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठापुढे स्वतंत्रपणे चालवता येतो. कागदांसाठी साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, पण तिथे फौजदारी प्रकरणाबद्दल कोणत्याही ‘आमची तक्रार नाही’ अशा मजकुरावर आईंची सही होऊ देऊ नका.

खर्चाचं म्हणाल तर विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ प्रमाणे स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. तुम्ही आणि आई दोघी त्यात बसता. तिकडच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज इथल्या कार्यालयामार्फत पाठवता येतो. अर्जात फौजदारी कामाचा अनुभव असलेला वकील मागा. गुन्हा नोंदवायला मुदतीची अडचण नाही, कारण तीन वर्षांपेक्षा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांना मुदतच नाही. पण कॉल डिटेल्स राखून ठेवण्याचा अर्ज आणि शवविच्छेदनाच्या फोटोंचा अर्ज याच आठवड्यात जाऊ द्या, बाकीचं त्यानंतर.